छाटणीच्या दिवसांतला पाहुणा

१

बुधवारी सकाळी रजिस्टर पोस्टाने आलेल्या पत्रात एका माणसाच्या मृत्यूची खबर होती. ज्या पॉलिसीचा हवाला देऊन ती कळवली होती, ती पॉलिसी मात्र कंपनीच्या दप्तरात कुठेच नव्हती.

मनीषा गायधनीने पत्र दोनदा वाचलं. गेली चौदा वर्षं ती विमा कंपनीसाठी सर्व्हेचं काम करत होती. जळालेली गोदामं, उलटलेले कांद्याचे ट्रक, बुडालेल्या मोटारी तिने पाहिल्या होत्या. असं पत्र तिच्या हाती पहिल्यांदाच येत होतं.

‘अट क्रमांक सातप्रमाणे कळवतो की, रविवार दि. १२ ऑक्टोबर २००८ रोजी सायंकाळी सात वाजता आमच्या मळ्यावर उतरलेले पाहुणे श्री. कुंदन भावसार, वय ५६, राहणार कल्याण, यांचे आमच्या ओट्यावर निधन झाले. पाहुण्यास काही झाल्यास अठ्ठेचाळीस तासांत लेखी कळवावे, अशी अट असल्याने हे पत्र पाठवीत आहे. आपला, संतोष बोरस्ते, तालुका दिंडोरी.’

“हा नंबर आपला नाही,” मॅनेजर म्हणाले. “पाहुण्यांच्या जबाबदारीचा विमा आपण हॉटेलांना देतो, शेतावरच्या खोल्यांना नाही. बनावट कागद आहे. जाऊन मूळ ताब्यात घ्या आणि दोन ओळींचा रिपोर्ट द्या. पोलिसांचं पोलीस बघतील.”

“पोलीस काय म्हणतात?”

“दारूतून काहीतरी दिलं म्हणतात. घरी गाळलेली वाइन होती. मेलेल्याच्या मेहुण्याने तक्रार केलीय. शनिवारी त्या बोरस्त्याला आत घेणार आहेत.”

मनीषाने पत्राची घडी केली. माणूस मारून खोटा कागद पुढे करणाऱ्याने तो कागद जिथे तपासला जाईल अशा एकमेव ठिकाणी, तोही रजिस्टर पोस्टाने, का पाठवावा? हे तिने मॅनेजरांना विचारलं नाही. त्यांना दोनच ओळी हव्या होत्या.

२

दिंडोरीच्या पुढे रस्ता दोन्ही बाजूंनी द्राक्षबागांत शिरतो. छाटणी झालेल्या बागा त्या दिवसांत उघड्याबोडक्या दिसतात. नुसत्या काड्या आणि तारा. बोरस्त्यांच्या मळ्यात बांधाच्या कडेला दोन पक्क्या खोल्या होत्या. मुंबई-ठाण्याची माणसं शनिवार-रविवार तिथे राहायला येत. तीन वर्षांपूर्वी संतोषने हे सुरू केलं, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं होतं.

संतोष ओट्यावर उभा होता. चाळिशीच्या आतला, दाढी वाढलेला. “मॅडम, कंपनीतून आलात? कागद जागेवर आहे. हात नाही लावला मी.”

कागद पाहुण्यांच्या नजरेस पडावा म्हणून दाराशेजारी काचेच्या फ्रेममध्ये लावलेला होता. मागच्या अटीही शेजारच्या फ्रेममध्ये होत्या. मनीषाने अटी वाचल्या. शब्द न् शब्द कंपनीच्या हॉटेल-पॉलिसीतून उतरवला होता, क्रमांक सातसकट.

“हा कुणी काढून दिला?”

“गोरक्षनं. माझा मावसभाऊ. नाशकात द्वारकेला त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. पाहुणे तोच पाठवतो. म्हणाला, ओळखीचा एजंट आहे, आजूबाजूच्या सगळ्या मळेवाल्यांचे काढून देतो. पाहुणा पाय घसरून पडला तर तुला घर विकायची वेळ यायला नको.” संतोष थांबला. “का हो मॅडम? काही कमी-जास्त आहे का?”

ती सांगणार होती. तेवढ्यात आतून चहा घेऊन त्याची आई आली. मैनाबाई. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे सुजलेले.

“बस माय. उभ्यानं कसली चौकशी करतीस?” त्यांनी कप पुढे केला. “माझ्या लेकानं काय केलं नाय. त्या बाटलीतली त्यानं बी घेतली, त्या पाहुण्याच्या बायकोनं बी घेतली. मीच पापड भाजून आणले होते. मंगलाबाई म्हणाली, मावशी, लय गोड हाय तुमची वाइन. आन् घटकेनं तो बाबा लालबुंद झाला की. तोंड, मान, छाती. जास्वंदीवानी. श्वासच घावंना त्याला.”

“आणखी कोण होतं?”

“गोरक्ष होता. माझ्या धाकट्या बहिणीचा. त्यानंच पळत जाऊन गाडी काढली.” सुजलेल्या डोळ्यांतही त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. “लय ढोसायचा हा पोरगा. बहीण रडायची माझ्यापाशी. पन त्या दिशी ग्लास नुसता हातात धरून बसला, ओठाला लावला नाय. बरं वाटलं बघ जीवाला. म्हनलं सुधारलं लेकरू.”

“आई, त्यांना कामाचं विचारू दे,” संतोष म्हणाला.

मनीषाने फ्रेम उतरवली आणि कागद उजेडात धरला. खाली कंपनीचा गोल शिक्का होता. ‘प्राप्त. १ मे २००८.’

एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन. त्या दिवशी ऑफिसला कुलूप असतं. हा शिक्का मारायला तिथे कुणी नव्हतंच.

३

मंगला भावसार पंचवटीत चुलतभावाकडे उतरल्या होत्या. दहाव्यापर्यंत त्या नाशिक सोडणार नव्हत्या. मनीषा पोचली तेव्हा त्या एका पिशवीत नवऱ्याचे कपडे घडी घालून ठेवत होत्या.

“विम्याच्या ना तुम्ही?” त्या कोरड्या हसल्या. “हे एकतीस वर्षं विम्यातच होते. दुसऱ्या कंपनीत. चार वर्षांपूर्वी लवकर निवृत्ती घेतली. सवय नाही गेली. कुठेही गेलं की आधी भिंतीवरचे कागद वाचायचे.”

“बोरस्त्यांच्या ओट्यावरचा वाचला?”

“शनिवारी, गेल्या-गेल्या. आणि हसले. मला म्हणाले, मंगल, या माणसाला कुणीतरी टोपी घातलीय. सोमवारी नाशिकच्या ऑफिसात जाऊन विचारतो. मग अंगणात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलले.”

“संतोषना सांगितलं?”

“नाही. म्हणाले, खात्री केल्याशिवाय गरिबाच्या जीवाला घोर कशाला?”

मनीषाने वहीत काहीच लिहिलं नाही. “रविवारी दिवसभर ते कुठे होते? बागेत फिरले?”

“कुठले फिरताहेत! गुडघे धरले होते. खाटेवरच होते. दुपारी तो गोरक्ष आला, पाहुण्यांची विचारपूस करायला. फार अदबीने बोलतो हो. म्हणाला, काका, माझ्याकडे आदिवासी वैदूचं औषध आहे. स्वतः खाली बसून दोन्ही गुडघ्यांना चोळून दिलं. अर्धा तास. पोटचा मुलगा करणार नाही.” त्यांनी घडी केलेला सदरा पिशवीत ठेवला. “आग होतेय म्हणाले, तर तो म्हणाला, काका, आग झाली म्हणजे औषध लागू पडलं.”

“ती बाटली कुठे आहे?”

“त्याने परत नेली असेल. मला नाही दिसली.”

मनीषाला आठवलं, दिंडोरीच्या पोलीस ठाण्यात वाचलेल्या पंचनाम्यात एक ओळ होती. ‘दोन्ही गुडघ्यांची कातडी लालसर, मलम चोळल्यासारखी.’ डॉक्टरांनी तोंडी हृदयविकार सांगितला होता. व्हिसेराचा अहवाल यायला दोन महिने लागणार होते. शनिवार तीन दिवसांवर होता.

“त्या दिवशी त्यांच्या अंगावर काय होतं?”

मंगलाताईंनी पिशवीतून पांढरा लेंगा काढून दिला. मनीषाने तो उलटासुलटा पाहिला. गुडघ्यांपाशी पिवळट ओल सुकलेली होती. बाकी लेंगा स्वच्छ होता.

“मला खरं सांगा,” मंगलाताई म्हणाल्या. “माझ्या भावाला वाटतं संतोषने दिलं. मला ते पटत नाही आणि नाही म्हणवतही नाही. त्याच बाटलीतली मी घेतली. मग मी कशी जिवंत?”

४

गुरुवारी सकाळी मनीषा पुन्हा मळ्यावर गेली. आता ती घराकडे न वळता बागेत शिरली. दहा-बारा बायका हातात रबरी मोजे घालून ब्रशने काडीकाडीला औषध लावत होत्या. काड्या लाल दिसत होत्या आणि बायकांच्या बाह्या, पदरही लाल ठिपक्यांनी भरले होते. टोळीचा मुकादम कोंडाजी डबा घेऊन मागून फिरत होता. साठीचा, वाळक्या अंगाचा.

“बाई, लांबूनच,” तो म्हणाला. “कपड्याला लागंल. हे वंगाळ औषध हाय.”

“कसलं?”

“पेस्टिंगचं. छाटणी झाली की डोळ्यावर लावायचं, म्हंजी समदे डोळे एकदम फुटत्यात. सायनामाइड म्हनत्यात बाटलीवर.”

“आणि हा लाल रंग?”

“तो आमी घालतो. औषध पान्यावानी असतं. कुठली काडी लावली, कुठली ऱ्हायली, कळायचं कसं? म्हनून रंग कालवायचा. मगच बादली बायांच्या हाती.”

पांढरा लेंगा मनीषाच्या डोळ्यासमोर आला. भावसार बागेत घसटले असते तर त्यावर लाल ठिपका दिसला असता.

“अंगाला लागलं तर काय होतं?”

“आग होती. धुवायचं.” कोंडाजीने डबा खाली ठेवला. “पन खरं भ्या दुसरंच. हे हाताळलं की आठ दिस दारूला शिवायचं नाय. थेंब बी नाय. माझ्या टोळीत एक गडी होता, झिपरू. पेठकडचा. लावलं दिवसभर, आन् सांच्याला घेतली नवटाक. तोंड लालभडक झालं, छाती भरली, दवाखान्यात न्हेईस्तोवर खलास. तवापास्नं छाटणीच्या दिवसांत आमच्यात लगीन निघालं तरी बाटली निघत नाय.”

जास्वंदीवानी, मैनाबाई म्हणाल्या होत्या.

“कोंडाजीबाबा, त्या रविवारी पाहुणा गेला तेव्हा तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?”

“कुनाला सांगू? तो शहरातला मानूस. तो खाटंवर. त्यानं कुठं हात लावला औषधाला?” मग त्याने नजर खाली घातली. “एक हाय. शनिवारी फोडलेली बाटली रविवारी दुपारी कमी भरली. मी बायांनाच शिव्या दिल्या, सांडलं म्हनून.”

“रंग कालवायच्या आधीची बाटली?”

“आधीचीच. शेडमधली.”

“शेडला कुलूप?”

“घरच्यांस्नी कशाला कुलूप लागतंय बाई?”

घरातलं माणूस, हे आता नक्की झालं. आणि शनिवारी आत जाणार होता तोही घरातलाच होता.

५

द्वारकेच्या चौकात ट्रकच्या भोंग्यांनी कान किटतात. त्या गदारोळात गोरक्षचं दुकान होतं. ट्रॅव्हल्स, झेरॉक्स, लॅमिनेशन. काउंटरवर रबरी शिक्के करून देण्याचीही पाटी होती. गोरक्ष तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मध.

“मॅडम, मीच फसलो हो! एजंट म्हणून आला, टाय लावलेला. मी भोळेपणाने बारा मळेवाल्यांचे पैसे त्याच्या हातात दिले. आता फोन बंद. मी कुठल्या तोंडाने सांगू दादाला?” त्याने कपाळावर हात मारला. “दादा तरी काय कमी? मी म्हटलं हार्ट अटॅक आहे, गप बस. तर म्हणे अट क्रमांक सात! कायद्याचा किडा. त्याला कुणी सांगितलं होतं पत्र लिहायला?”

“अटीने सांगितलं होतं.”

गोरक्ष हसला. “हो ना.”

“भावसारांच्या गुडघ्यांना तुम्ही काय लावलं?”

“तिळाचं तेल आणि कापूर. सेवा केली म्हाताऱ्या माणसाची, तेही चुकलं का?”

“बाटली?”

“संपली. फेकली.”

“आणि वाइनमध्ये काही असेल असं वाटतं तुम्हाला?”

“छे! दादा असला माणूस नाही.” तो पुढे झुकला. “आणि मीही घेतली ना, मॅडम. चांगला भरलेला ग्लास. मला काय झालं? ठणठणीत बसलोय तुमच्यासमोर.”

मनीषाने वही मिटली. तिने आतापर्यंत खोटं बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली होती. बहुतेक जण केलेलं लपवायला खोटं बोलत. हा न केलेलं केलं म्हणून सांगत होता.

६

शुक्रवारी सकाळी अकराला मनीषाच्या विनंतीवरून सगळे मळ्याच्या ओट्यावर जमले. संतोष, मैनाबाई, पंचवटीहून आलेल्या मंगलाताई, पायरीखाली कोंडाजी, आणि खुर्चीत अवघडून बसलेले दिंडोरीचे फौजदार. गोरक्ष सगळ्यांत शेवटी आला आणि त्याने मावशीच्या पाया पडायला हात पुढे केले.

मनीषाने आवाज चढवला नाही. “भावसार विषाने गेले, पण विष वाइनमध्ये नव्हतं. ते त्यांच्या गुडघ्यांवर होतं. पेस्टिंगचं औषध कातडीतून आत गेलेल्या माणसाला दारू सोसत नाही. बागेत लागलं असतं तर लेंग्यावर लाल रंग आला असता. तो नाही. म्हणजे रंग कालवायच्या आधी, शेडमधल्या बाटलीतून ते काढलं. आणि हातानेच चोळलं. मोजे घातले असते तर पाहुण्याला संशय आला असता.”

फौजदार म्हणाले, “म्हणजे घरातलं कुणीही.”

“ज्याने चोळलं त्याच्या तळहातालाही औषध लागलं. मग त्याला त्या संध्याकाळी दारू चालणार नव्हती. संतोषने ग्लास संपवला आणि त्याला काही झालं नाही. मंगलाताईंनी अर्धा घेतला, त्यांनाही काही नाही. म्हणजे या दोघांनी औषधाला हात लावलेला नव्हता. मैनाबाई पीत नाहीत, आणि दुपारभर त्या पाहुण्यांच्या खोलीकडे फिरकल्याही नाहीत. कोंडाजीबाबा त्या वेळी बागेत दहा बायकांच्या समोर होते.”

“मी पण प्यायलो की!” गोरक्ष म्हणाला. “सांगितलं ना तुम्हाला काल.”

“हो. मग आजही प्या.”

तिने शेजारच्या तिपाईवरचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. आतलं पेय गर्द लाल होतं.

“रविवारी तुम्ही भरलेला ग्लास घेतलात, काही झालं नाही. हा पाचवा दिवस. घ्या.”

गोरक्षने सगळ्यांकडे पाहिलं. हसण्याचा प्रयत्न केला. “ही काय जबरदस्ती? सकाळी सकाळी?” त्याने ग्लास उचलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. ओट्यावर कुणी हलत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“नको पिऊ, पोरा!” कोंडाजी पायरीखालून ओरडला. “मरशील!”

गोरक्षने ग्लास खाली ठेवला. इतक्या घाईने की निम्मा सांडला. आपण काय केलं हे त्याला त्यानंतर कळलं.

“कोकमाचं सरबत होतं,” मनीषा म्हणाली. “वाससुद्धा घेतला नाहीत तुम्ही.”

७

पुढचं त्याने अर्ध्या तासात सांगितलं. शिक्का त्याच्याच दुकानात बनला होता. बारा मळ्यांच्या भिंतींवर तेच कागद होते. तारीख टाकताना सुट्टी ध्यानात आली नव्हती. शनिवारी भावसारांनी कागदावरच्या एजंटच्या नंबरवर फोन केला, तो गोरक्षच्या खिशात वाजला. म्हाताऱ्याचं हृदय बंद पडलं असं सगळे म्हणतील, मामला मिटेल, असं त्याने धरलं होतं. अटी मात्र कागद खरा वाटावा म्हणून त्याने एकही न गाळता उतरवल्या होत्या, आणि अख्ख्या तालुक्यात त्या वाचून पाळणारा एकच माणूस निघाला होता.

मंगलाताई उठून संतोषपाशी गेल्या. “मी भावाला सांगते. तक्रार मागे घेईल.” त्याने हात जोडले.

थोड्या वेळाने तो मनीषाजवळ आला. “मॅडम, विम्याचं काय? यांना काहीतरी मिळेल ना? माझ्या ओट्यावर माणूस गेलं.”

“पॉलिसी नव्हतीच, संतोषभाऊ. कंपनी काही देणार नाही. रिपोर्टात मला तेच लिहावं लागेल.”

“आणि बाकीचे अकरा मळे?”

“त्यांच्याकडेही मला जायचंय. या शनिवारी त्यांच्याकडे पाहुणे उतरायच्या आत.”

फौजदारांनी कागद मांडीवर घेतला होता. “ग्लासापुढे हात थांबला, एवढ्यावर कोर्टात भागत नाही,” ते मनीषाला म्हणाले. “आत्ता बोललाय ते उद्या फिरवेल. तुम्ही सांगितलंत त्यावरून, त्या संध्याकाळी तो प्यायला नाही, हे डोळ्यांनी बघितलेलं आणि ध्यानात ठेवलेलं माणूस एकच आहे.”

सगळ्यांच्या नजरा मैनाबाईंकडे वळल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोरक्ष पोलिसांच्या जीपमध्ये होता आणि तिथून ओट्याकडे बघत होता.

“आई, आज नको,” संतोष म्हणाला. “उद्या सांग. पाहिजे तर परवा.”

“उद्या माझ्यानं व्हनार नाय.” मैनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. “सायेब, मी सांगते. जे बघितलं ते सांगते. पन आधी माझ्या बहिनीला आना. पलीकडच्या वस्तीवर ऱ्हाती, नवसाबाई. तिच्या माघारी तिच्या लेकाचं सांगनार नाय मी.”

“मावशी, तिच्यासमोर अवघड जाईल,” मनीषा म्हणाली.

“जाऊ दे.”

संतोष मोटारसायकल घेऊन गेला. पाऊण तासाने तो मावशीला मागे बसवून परत आला. वाटेत त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक. नवसाबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती. जीपकडे न बघता त्या ओट्यावर चढल्या. मैनाबाईंनी सरकून जागा केली, बहिणीला जवळ बसवलं, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि मग फौजदारांना म्हणाल्या, “लिवा.”